फ्री फ्लो एक्झॉस्ट बसवायचाय, नक्की काय बदलू?

सेकंडगियर
नमस्कार मंडळी. गाडी १.६ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, मॅन्युअल. मागचा सायलेन्सर गंजून भोकं पडायला लागलीत, म्हणजे खर्च होणारच आहे. मग आहे तसाच परत बसवण्यापेक्षा काहीतरी बरं बसवावं, असा किडा डोक्यात शिरलाय. वाचावं तितका गोंधळ वाढतोय. एक म्हणतो फक्त मागचा डबा बदल, दुसरा म्हणतो कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचं सगळं बदल, तिसरा म्हणतो हेडर (इंजिनालगतचा पाइपांचा संच) बदलल्याशिवाय पैसे पाण्यात. पाइप दोन इंची, सव्वादोन की अडीच, यावर तर मारामारीच आहे. त्यात एका मित्राने घाबरवून ठेवलंय की बॅकप्रेशर (बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा अडथळा) गेलं की टॉर्कही (इंजिनाची ओढ) गेला.
पिकअप थोडं सुधारावं, आवाज जरा भारदस्त व्हावा, आणि घरच्यांनी गाडीत बसायला नकार देऊ नये. एवढ्याच अपेक्षा आहेत.

टॉर्कवेडा
हेडर, अडीच इंची पाइप, मधला रेझोनेटर (आवाज शमवणारा डबा) काढा. विषय संपला.

धुराडे
@टॉर्कवेडा, विषय संपेल, गाडीतली संभाषणंही संपतील. २७०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हायवेवर तासभर बसून दाखवा, मग बोलू.

पानाबारा
धागाकर्त्याने तीन अपेक्षा एका दमात लिहिल्यात, पण त्या तीन वेगळ्या भागांत राहतात. आवाज मागच्या डब्यात आणि रेझोनेटरमध्ये. ताकद (असलीच तर) हेडरमध्ये आणि कॅटमध्ये. घरच्यांची शांतता पाइपच्या लांबीत आणि पुन्हा रेझोनेटरमध्ये. त्यामुळे 'एक्झॉस्ट बदलला' या वाक्याला काही अर्थ नाही, काय बदललं ते सांगायला हवं.

इंजिनाकडून मागे येत गेलं तर आधी मॅनिफोल्ड (त्याच्या जागी बसतो तो हेडर), मग कॅट, मग लवचीक जाळीचा फ्लेक्स पाइप, रेझोनेटर, शेवटी सायलेन्सर. बऱ्याच नव्या गाड्यांत कॅट मॅनिफोल्डलाच चिकटलेला असतो. मागच्या चाकांच्या दांड्याच्या पुढचं तसंच ठेवून फक्त शेवटचा डबा बदलला तर त्याला अ‍ॅक्सल-बॅक म्हणतात. कॅटच्या मागचं सगळं बदललं तर कॅट-बॅक. टर्बो नसलेल्या, इंजिनाला हात न लावलेल्या छोट्या गाडीत अ‍ॅक्सल-बॅकने ताकद वाढते असं कोणी सांगत असेल तर तो आवाज विकतोय. कॅट-बॅकने वाढली तरी ती दोन-चार घोड्यांची बात असते, आणि तीही वरच्या आरपीएमला, जिथे तुम्ही रोज जात नाही. (आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं, हा भाग वेगळा. तो अगदी खरा अनुभव असतो, फक्त घड्याळाला पटत नाही.)

आता मित्राचं बॅकप्रेशर. इंजिनाला बॅकप्रेशर कधीच नको असतं. जळका वायू बाहेर ढकलायला पिस्टनला जो जोर लागतो तो क्रँककडूनच घेतलेला असतो, म्हणजे निव्वळ तोटा. मग मोठा पाइप टाकल्यावर खालचा टॉर्क जातो तो का? कारण पाइप रुंद झाला की वायूचा वेग पडतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट पाइपातून धावते. चार पाइप एकत्र येऊन जागा रुंदावते तिथून ती उलटते आणि कमी दाबाची लाट होऊन परत फिरते. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे असतात. नेमकी त्याच वेळी ती परतली तर सिलिंडरमधला उरलासुरला जळका वायू ओढून नेते आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देते. हे स्कॅव्हेंजिंग. ही वेळ सगळ्या आरपीएमला जुळत नाही, एका पट्ट्यातच जुळते. तो पट्टा कुठे पडणार हे हेडरच्या पाइपांची लांबी आणि व्यास ठरवतात. मागचा डबा बिचारा यात जवळपास कुठेच नाही.

म्हणून हेडर घेतलाच तर ४-१ आणि ४-२-१ यातला फरक बघा. ४-१ मध्ये चारही पाइप एकदम एकत्र येतात, फायदा वरच्या आरपीएमला. ४-२-१ मध्ये आधी जोड्या लागतात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असेल तर १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी, म्हणजे पाठोपाठ फायर होणारे सिलिंडर एका पाइपात भांडत नाहीत. मधल्या आरपीएमला, म्हणजे रोजच्या चालवण्यात, हीच मांडणी बरी.

व्यासाचं गणित लोक इंचात करतात आणि फसतात. दोन इंची पाइपच्या छेदाचं क्षेत्रफळ ३.१ चौरस इंच, अडीच इंचीचं ४.९. अर्ध्या इंचात जागा ५६ टक्क्यांनी वाढली! साध्या १.६ ला अडीच इंची म्हणजे पोराला बापाचा शर्ट. आहे त्या व्यासाचा, फार तर पाव इंच मोठा पाइप घ्या.

सेकंडगियर
@पानाबारा, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पण मग मूळ सायलेन्सर खरंच अडवतोय की नाही हे कळणार कसं? का सगळं अंदाजानेच?

पानाबारा
मोजता येतं, आणि खरेदीआधी मोजावंच. कॅटच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढा, त्याच्या आट्यांत बसणारा अडॅप्टर लावा, त्याला हातभर धातूची नळी, मग पुढे रबरी नळी आणि दाबाचा काटा. सुरुवातीलाच रबर लावलं तर ते वितळणार, म्हणून धातू. मग मोकळ्या, सुरक्षित जागी पूर्ण थ्रॉटलवर वरच्या आरपीएमपर्यंत एकदा ओढून काट्यावर सोबत्याने लक्ष ठेवायचं. सेन्सर काढल्यामुळे इंजिनाचा दिवा लागेल, नंतर कोड पुसायचा.
काटा ३ पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपासच थांबला तर मागच्या पाइपात कमावण्यासारखं फारसं काही नाही. बराच वर गेला तर कॅटच्या मागेही तसंच मोजा. पुढे जास्त आणि मागे कमी आला, तर कॅटच गच्च झालाय. तेव्हा फ्री फ्लो नव्हे, कॅट आणि तो खराब होण्यामागचं कारण शोधायचं असतं. तेल पिणारं इंजिन, मिसफायर, काहीही असू शकतं.

टॉर्कवेडा
इतकं मोजमाप करून गाडीची मजा घेणारे तुम्ही पहिलेच. लोक कानाने निवडतात राव.

पानाबारा
कानाने निवडा की, माझी ना नाही. फक्त मग ताकदीचं बिल लावू नका.

निवांतटर्बो
माझी गाडी तीन सिलिंडर, १ लिटर टर्बो. वरचं सगळं मलाही लागू आहे का?

पानाबारा
बरंच उलटं होतं. टर्बोच्या चाकाला फिरवतो तो पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक. मागचा दाब जितका कमी तितकं ते चाक लवकर फिरतं, बूस्ट (टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब) लवकर येतो. लाटांचा खेळ टर्बाइनच्या पलीकडे जवळजवळ मोडून पडलेला असतो, त्यामुळे त्याच्या मागे पाइप मोठा केल्याने खालचा टॉर्क पडायची भीती उरत नाही. टर्बो गाडीत सगळ्यात मोलाचा तुकडा म्हणजे टर्बोला लागून असलेला डाउनपाइप. आणि तिथेच बहुधा कॅट असतो, म्हणून तिथेच सगळ्या भानगडी.
आणखी एक. आजकालचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, 'इतका टॉर्क द्यायचा' असं लक्ष्य धरून बूस्ट ठरवतो. वाट मोकळी झाली तरी तो तेवढाच टॉर्क देतो, फक्त कमी कष्टात. फायदा अंगी लागायचा तर ट्यूनिंग लागतं, आणि ट्यूनिंग आलं की क्लच, गियरबॉक्स, वॉरंटी, सगळे प्रश्न रांगेत.

निवांतटर्बो
आणि ते थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येतात, ते करून देतात म्हणे?

पानाबारा
ते एक्झॉस्टने नाही, सॉफ्टवेअरने येतात. थ्रॉटल सोडल्यावरही इंधन चालू ठेवायचं, ठिणगी उशिरा टाकायची, म्हणजे उरलेलं मिश्रण पाइपात पेटतं. ती उष्णता टर्बो आणि कॅट खातात. कॅट वितळायला हा चांगला उपाय आहे, इतकंच म्हणेन.

धुराडे
आता माझ्या आवडीचा विषय, तो म्हणजे ड्रोन. एका ठरावीक वेगाला गाडीच्या आत जी घूंऽऽ भरते आणि डोकं उठवते ती. सुरू करून उभ्या गाडीत ती कधीच ऐकू येत नाही, म्हणून दुकानात सगळे खूश होऊन निघतात.

हिशेब सोपा आहे. चार सिलिंडर, फोर स्ट्रोक: दर फेऱ्याला दोन धमाके. म्हणजे आरपीएमला ३० ने भागलं की हर्ट्झ मिळतात. २७०० ला ९० हर्ट्झ. तीन सिलिंडरला ४० ने भागायचं, सहाला २० ने. गाडीच्या डब्याची स्वतःची घुमण्याची वारंवारताही याच खालच्या पट्ट्यात कुठेतरी असते. दोन्ही जुळल्या की छतापासून सीटपर्यंत सगळं वाजायला लागतं. तेव्हा सगळ्यात आधी स्वतःला विचारा, टॉप गियरमध्ये तुमच्या नेहमीच्या हायवेच्या वेगाला आरपीएम किती असतो? तोच आकडा सायलेन्सरवाल्याला सांगा. तो 'त्याने काय होतंय' म्हणाला तर दुसरा माणूस शोधा.

रेझोनेटर काढा असं वर कोणीतरी म्हणालं. रेझोनेटर तिथे याचसाठी असतो हो! सरळ जाळीदार नळीतून वायू जातो, बाहेरच्या बाजूला काचतंतू किंवा बसाल्टचं भरण. बहुतेकांत वाट अडत नाही, म्हणजे काढून ताकदही मिळत नाही. फक्त कर्कशपणा मिळतो.

तरीही ड्रोन राहिलाच तर चतुर्थांश लांबीची बंद नळी जोडतात, लोक तिला जे-पाइप म्हणतात. मुख्य पाइपाला टी मारून एक टोक बंद असलेली नळी. लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि ज्या वारंवारतेला तिचा प्रवास अर्ध्या तरंगलांबीचा होतो तिथे मूळ आवाजाला खोडते. लांबी म्हणजे ध्वनीचा वेग भागिले वारंवारतेची चौपट. गरम वायूत ध्वनी जोरात धावतो. ३०० अंश सेल्सिअसला साधारण ४८० मीटर प्रतिसेकंद. पण बंद नळीतला वायू वाहत नाही, त्यामुळे तो त्यामानाने थंड राहतो. मी ४२० धरून सुरुवात करतो. ९० हर्ट्झला येते १.१७ मीटर. सरकती टोपी ठेवून पुढे-मागे करून बघायचं आणि जमलं की वेल्ड. @निवांतटर्बो, तुमच्या तीन सिलिंडरला २४०० आरपीएमला ६० हर्ट्झ येतात, म्हणजे नळी पावणेदोन मीटर. छोट्या गाडीखाली ती मावणं कठीण, तिथे पोकळ डब्याचा हेल्महोल्ट्झ रेझोनेटर बरा.

सेकंडगियर
१०० च्या वेगाला माझा आरपीएम २८०० च्या जवळपास असतो. म्हणजे ९३ हर्ट्झ. वाचनखूण साठवली.

टिगवाला
वेल्डिंगचं काम करतो, म्हणून धातूबद्दल लिहितो, बाकी ज्ञानी लोक आहेतच.
'स्टेनलेस' एवढं ऐकून पैसे देऊ नका. ४०९ मध्ये क्रोमियम जेमतेम ११ टक्के, वरून तांबूस गंज येतो पण आरपार खात नाही, चुंबक घट्ट चिकटतं. कारखान्यातून येणारे बरेच एक्झॉस्ट याचेच. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, चकाकी टिकते, चुंबक सरळ भागावर चिकटत नाही (वाकवलेल्या जागी थोडं ओढलं जाईल, त्यावरून भांडू नका). साध्या लोखंडाच्या पाइपवर रुपेरी रंग मारून खपवणारे असतात, तेव्हा खिशात चुंबक ठेवा.

३०४ चा एक त्रास कोणी सांगत नाही. तापल्यावर तो ४०९ पेक्षा जास्त लांबतो. ३ मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर ३०४ सुमारे १५ मिलिमीटर वाढतो, ४०९ सुमारे १०. थंड गाडीवर बंपरच्या कापात टिप (पाइपचं मागचं टोक) घट्ट बसवून दिली की गरम झाल्यावर ती बंपरला टेकणार आणि प्लॅस्टिक वितळणार. रबरी हँगरला हलायला जागा हवी. आणि फ्लेक्स पाइप काढून सरळ पाइप ठोकणारे महाभाग भेटतील. आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या गाडीत इंजिन थ्रॉटलबरोबर पुढे-मागे झुलतं. फ्लेक्स नसेल तर तो झोल मॅनिफोल्डच्या बोल्टवर येतो आणि तिथे तडा जातो.

बेंड मँड्रेलवर, म्हणजे पाइपाला आतून आधार देऊन, काढलेला आहे का बघा. साध्या मशीनवर वाकवला की वळणावर पाइप चेपतो. बाहेरून अडीच इंची, वळणात दोनच. मग मोठा पाइप घेऊन काय मिळवलं?
स्टेनलेसचं टिग वेल्डिंग करताना पाइपच्या आतून आर्गॉन सोडावा लागतो. नाही सोडला तर सांध्याच्या आत काळपट खरबरीत थर तयार होतो, तिथेच पुढे गंज आणि तडा. काम सुरू करण्याआधी एक सांधा आतून दाखवायला सांगा. चांगला कारागीर रागावत नाही.

धुराडे
+१. भर घालतो. पेट्रोल जळलं की पाणी होतं, १ लिटर पेट्रोलमागे साधारण १ लिटर. जवळच्या जवळच्या फेऱ्यांत पाइप नीट तापतच नाही, ते पाणी मागच्या डब्यात साठतं आणि डबा आतून सडतो. @सेकंडगियर, तुमचा डबा असाच गेला असणार. नवीन डब्याला खालच्या अंगाला बारीक निचऱ्याचं भोक आहे का बघा, आणि असलं तर 'गळतंय' म्हणून बुजवू नका.

रानवारा
मी गाडीवेडी नाही, रस्त्याकडेला राहणारी आहे. रात्री उशिरा एखादी गाडी गर्जत गेली की आमचं बाळ उठतं आणि पुढचा तासभर सगळं घर जागं. तुमच्या या चर्चेत बाहेरच्या लोकांचा मुद्दा एकदाही आला नाही, म्हणून लिहितेय.

टॉर्कवेडा
ताई, सगळे तसे नसतात हो. पण मुद्दा बरोबर आहे.

पानाबारा
रानवाराताई, चांगलं केलंत लिहिलंत. यातलं गणित सांगतो: १० डेसिबल वाढले की कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. चालवणाऱ्याला आत ३-४ डेसिबल वाढल्यासारखं वाटतं आणि बाहेर त्याहून कितीतरी जास्त असतं, कारण पाइपचं तोंड मागे आणि बाहेर आहे.

यासाठी मान्यताप्राप्त माल घेणं हा साधा उपाय. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम ५१ गाडीच्या आवाजासाठी आहे आणि नियम ५९ खास बदली सायलेन्सरसाठी. मंजूर डब्यावर वर्तुळातला 'ई' आणि शेजारी मंजुरी देणाऱ्या देशाचा क्रमांक कोरलेला असतो. स्टिकर नव्हे, कोरलेला. उभ्या गाडीचा आवाज तपासतात तेव्हा माइक तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांत धरतात. आपल्या भागात मर्यादा काय आहे ते बघून मगच डबा निवडावा. बोलणारं तोंड हवंच असेल तर झडपवाला सायलेन्सर असतो: वस्तीत झडप बंद, रेसट्रॅकवर उघडी. मात्र त्या झडपेचं बुशिंग गंजून अडकतं, मग ती कायमची उघडी नाहीतर कायमची बंद. रोजच्या गाडीला मी सुचवणार नाही.

निवांतटर्बो
कॅट काढून टाकणं हा पर्याय अजून कोणी लिहिला नाही. मला एकाने 'आत पोकळ करून देतो, बाहेरून कळणार नाही' असं सांगितलंय.

पानाबारा
नको. बहुतेक देशांत रस्त्यावरच्या गाडीतून कॅट काढणं बेकायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आत बसलेल्यांनी तो धूर का खायचा? प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा पातळ थर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं निकामी करतो. तो साधारण २५० ते ३०० अंशांपुढे कामाला लागतो. पोकळ केलेला डबा कळत नाही म्हणणाऱ्याला सांगा, मागचा ऑक्सिजन सेन्सर याच कामासाठी बसवलाय. पुढच्या आणि मागच्या सेन्सरची लय सारखीच दिसायला लागली की ईसीयू पी०४२० हा बिघाडाचा कोड दाखवतो. डिझेलचा डीपीएफ आणि काही नव्या पेट्रोल गाड्यांचा जीपीएफ (दोन्ही काजळी गाळणारे फिल्टर) यांनाही हेच लागू.
अडथळाच कमी करायचा असेल तर कमी दाट जाळीचा कॅट मिळतो. नेहमीच्या कॅटमध्ये चौरस इंचाला ४०० किंवा जास्त कप्पे असतात, यात २००. मात्र काही गाड्यांत २०० वालाही तोच कोड दाखवतो आणि तपासणीत अडकू शकतो. आधी मान्यता बघा.

टिगवाला
सेन्सरवरून आठवलं. पुढच्या सेन्सरच्या आधी सांधा गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. हेडर बसवल्यावर अ‍ॅव्हरेज पडलं अशा ज्या तक्रारी येतात त्यांत गॅस्केट आधी तपासा. थंड इंजिनाला टिकटिक येऊन गरम झाल्यावर बंद होत असेल तर जवळपास नक्कीच गळती.

सेकंडगियर
अपडेट. मोजलं. पूर्ण थ्रॉटलवर काटा ३ पीएसआयपर्यंतही पोचला नाही. म्हणजे कॅट ठीक, आणि पाइप मला अडवत नव्हताच.
ठरवलंय ते असं: मॅनिफोल्ड, कॅट, फ्लेक्स, रेझोनेटर सगळं आहे तसं. व्यास मूळचाच. फक्त मागे मान्यतेचा शिक्का असलेला, सरळ जाळीच्या नळीचा ३०४ चा डबा, मँड्रेल बेंडच्या तुकड्यासह. पिकअपचा नाद सोडला. वाचलेल्या पैशांत टायर घेतो.

पानाबारा
टायरचा निर्णय यातला सगळ्यात भारी. एकच लक्षात ठेवा, सरळ नळीच्या डब्यातलं भरण हळूहळू जळून उडतं, आवाज वर्षागणिक वाढत जातो. भरण बदलता येणारा, म्हणजे रिव्हेटवर उघडणारा डबा मिळाला तर तो घ्या.

टिगवाला
बसवल्यावर पहिल्या फेरीत धूर आणि वास येईल, पाइपावरचं तेल जळतं, घाबरू नका. आठवडाभराने क्लॅम्प पुन्हा आवळा. इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्यांजवळचे उष्णतारोधक पत्रे काढले असतील तर परत लावून घ्या. 'कंपन करतात' म्हणून ते फेकून देणारे बरेच आहेत.

टॉर्कवेडा
मी अजूनही हेडरवर ठाम आहे, पण असो. बसवलात की आवाजाचा व्हिडिओ टाका.

धुराडे
फोनचा व्हिडिओ नका टाकू. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि ९० हर्ट्झच्या आसपासचं त्याच्या स्पीकरमधून बाहेरच येत नाही. टाकायचंच असेल तर काचा बंद करून, टॉप गियरमध्ये, २८०० ला. बोलणारं माणूस शेजारी बसवा. त्याचं बोलणं ऐकू येतंय का, तेवढं कळलं तरी पुरे.